पेशी वेगळ्या करणारी पहिली चिप: मोल्डपासून मोजणीपर्यंत

मायक्रोफ्लुइडिक्सकडे, म्हणजे बारीक चॅनलमधून द्रव वाहवण्याच्या तंत्राकडे, लोक साधारण दोन वाटांनी येतात. एक मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाले, ज्यांनी जिवंत पेशी कधी हाताळलेली नसते. दुसरे बायोटेकवाले, ज्यांना रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहातल्या जडत्वाचं चिकटपणाशी असलेलं प्रमाण) म्हटलं की बारावीचं फिजिक्स आठवून धडकी भरते. मी पहिल्या वाटेचा. दोघांच्याही उपयोगी पडावा म्हणून या लेखात एकच साधी चिप धरली आहे: पीडीएमएस या पारदर्शक, रबरासारख्या सिलिकोनची स्पायरल (गोल वेढ्यांची) चिप. मोठ्या पेशी लहान पेशींपासून केवळ आकारावर वेगळ्या करायच्या, एवढंच तिचं काम. रक्तात मिसळलेल्या कर्करोगाच्या पेशी बाजूला काढायला ती बरीच वापरली जाते.

डिझाइनवर महिनोन्महिने घालवू नका. या चिपचं घोडं अडतं ते बहुतेकदा चिपच्या बाहेर: सिरिंजमध्ये खाली बसलेल्या पेशी, नळीत अडकलेला बुडबुडा, दोन आउटलेटना लावलेल्या कमी-जास्त लांबीच्या नळ्या. म्हणून या गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे आणि सिम्युलेशनवर जवळपास काहीच नाही.

१. काय हवंय ते आधी आकड्यात लिहा

"पेशी वेगळ्या करायच्या आहेत" हे उद्दिष्ट नव्हे. तीन गोष्टींपैकी कोणती महत्त्वाची ते ठरवा: हव्या असलेल्या पेशींपैकी किती टक्के परत मिळाल्या, मिळालेल्या पेशींत हव्या त्या किती टक्के आहेत, आणि त्यातल्या जिवंत किती. पहिली वाढवायला गेलं की दुसरी घसरते. तिन्ही एकदम ९९ टक्के मागणाऱ्या गाइडला नम्रपणे विचारा की सर, यातलं आधी कोणतं?

मग हा हिशेब करा. १ मिलिलिटर रक्तात लाल पेशी सुमारे ५०० कोटी असतात, पांढऱ्या ४० लाख ते १.१ कोटी, आणि रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी रुग्णागणिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुमच्या चिपने ९९.९ टक्के लाल पेशी काढून टाकल्या तरी ५० लाख उरतात. म्हणजे चिपवर सगळा भार टाकून चालणार नाही. लाल पेशी आधीच अमोनियम क्लोराइडच्या बफरने फोडून टाकायच्या आणि चिपला फक्त उरलेलं काम द्यायचं.

२. कागदपत्रं लगेच सुरू करा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि चिप तयार असून हात चोळत बसतात. लागणाऱ्या गोष्टी:

- मानवी रक्त वापरणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रक्तदात्याच्या संमतीचा फॉर्म. पॅथॉलॉजी लॅबमध्ये उरलेलं, नाव काढून टाकलेलं सॅम्पल घेतलं तरी कमिटीला विचारावंच लागतं.
- संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी.
- रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बी ची लस. डोस काही महिन्यांत विभागलेले असतात, त्यामुळे आजच सुरुवात करा.
- सेल लाइनसाठी (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींसाठी) मागणीपत्र. पुण्यात एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) सेल रिपॉझिटरीकडून एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी), हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) अशा नेहमीच्या लाइन मिळतात.
- क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) लागणार असेल तर तिथला अर्ज. आपल्या कॉलेजात ही सोय नसेल तर आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम) या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत काम करता येतं. त्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो.

"मंजुरी येईपर्यंत स्वतःचंच रक्त वापरू, कोण विचारतंय" हा सल्ला कोणी ना कोणी सीनियर देतोच. ऐकू नका. पेपर पाठवताना मंजुरीचा क्रमांक विचारतात, आणि त्या क्रमांकाची तारीख प्रयोगाच्या आधीची असावी लागते.

३. पद्धत निवडा, पण फार घोळत बसू नका

आकारावर वेगळं करायचे दोन मार्ग नवख्याला झेपतात.

पहिला, खांबांची जाळी. चॅनलमध्ये सूक्ष्म खांबांच्या ओळी थोड्या तिरक्या मांडायच्या. ठराविक आकारापेक्षा मोठी पेशी प्रत्येक खांबाशी ढकलली जाऊन तिरकी जाते, लहान पेशी सरळ निघून जाते. प्रिन्स्टनच्या गटाने २००४ मध्ये ही पद्धत मांडली. ठराविक आकार काढायचं सूत्रही सोपं आहे: खांबांमधली फट गुणिले १.४ गुणिले तिरकेपणाचा ०.४८ वा घात. फट २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तिरकेपणा ०.१ (म्हणजे प्रत्येक ओळ खांबांच्या अंतराच्या एक दशांशाने सरकलेली) असेल तर उत्तर सुमारे ९.३ मायक्रॉन येतं. कागदावर फार देखणं. प्रत्यक्षात पेशींचा एक गुच्छ पहिल्याच ओळीत अडकला की खेळ खलास, आणि २० मायक्रॉनच्या फटीसाठी चांगली फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने बारीक नक्षी उठवण्याची पद्धत) लागते.

दुसरा मार्ग प्रवाहाच्या जडत्वाचा. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की नळीतून वाहणारे कण आपोआप मध्यापासून त्रिज्येच्या ०.६ पट अंतरावरच्या वर्तुळात गोळा होतात. चॅनल गोल वळवलं की त्यात आडवे भोवरेही तयार होतात. मोठ्या पेशी आतल्या भिंतीजवळ एका रेषेत टिकतात, लहान पेशी भोवऱ्यांबरोबर फिरत राहतात. चॅनल रुंद असतं, सहज तुंबत नाही, मिनिटाला मिलिलिटरभर द्रव जातो. पहिल्या चिपसाठी माझं मत निःसंशय याच्या बाजूने.

४. डिझाइन: उंची हाच खरा आकडा

चॅनल ५०० मायक्रॉन रुंद, १६० मायक्रॉन उंच, एकूण लांबी अर्धा मीटर, शेवटी दोन आउटलेट असं धरू. पेशी रेषेत येण्यासाठी ढोबळ नियम असा की पेशीचा व्यास चॅनलच्या उंचीच्या ०.०७ पटीपेक्षा जास्त हवा. १६० गुणिले ०.०७ म्हणजे ११.२ मायक्रॉन. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, ती सुटली. एमसीएफ-७ साधारण १५ ते २० मायक्रॉनची, ती रेषेत आली. बहुतेक पांढऱ्या पेशी सुटतील. पण मोनोसाइट मोठ्या असतात, त्या तुमच्या हव्या असलेल्या पेशींबरोबर येणार. आकारावर वेगळं करायचं म्हटलं की हे आलंच, त्यामुळे शेवटी पेशीवरची ओळख सांगणारी प्रथिनं रंगवून ओळख पटवावी लागते: पांढऱ्या पेशींसाठी सीडी-४५, एपिथेलियल (अवयवांच्या अस्तरातल्या) पेशींसाठी ईपीकॅम किंवा सायटोकेराटिन.

मिनिटाला १.५ मिलिलिटर सोडलं तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर, रेनॉल्ड्स नंबर ७५ च्या आसपास आणि दाब साधारण ०.९ बार येतो. पेशी चिपमध्ये राहते जेमतेम दीड सेकंद. हे गणित एकदा स्वतः हाताने करून बघा. कारण दाब उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: मोल्ड (चिप ओतायचा साचा) १० टक्के बुटका निघाला तर दाब जवळपास ३७ टक्क्यांनी चढतो आणि ११.२ चा उंबरठा १० मायक्रॉनवर घसरतो. म्हणून मोल्ड हातात आल्यावर तीन-चार ठिकाणी उंची मोजून घ्या. ड्रॉइंगवरच्या आकड्यावर विसंबू नका.

५. मोल्ड: क्लीनरूम लागतेच असं नाही

सर्रास सांगितलं जातं ते असं: सिलिकॉन वेफरवर एसयू-८ या प्रकाशाने कडक होणाऱ्या रसायनाचा थर, ६५ आणि ९५ अंशांवर बेक, ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश, पुन्हा बेक, डेव्हलप (कडक न झालेला भाग धुऊन काढणं). १६० मायक्रॉनचा थर नवख्यासाठी अवघड असतो. कडेला जाडी वाढते, बेक घाईत केला की तडे जातात. डेव्हलप झाल्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारताना पांढरी साय दिसली तर डेव्हलपिंग अर्धवट आहे, वेफर परत डेव्हलपरमध्ये टाका.

पण आपल्या चिपमध्ये १६० मायक्रॉनपेक्षा बारीक काहीच नाही. मग बारीक टूल चालवणाऱ्या सीएनसीवाल्याकडून अॅल्युमिनियम किंवा पितळेत मोल्ड करून घ्या. पुणे-पिंपरीकडे डाय आणि टूलिंगची कामं करणाऱ्यांत विचारलं तर असा माणूस सापडतो. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, चॅनल मोल्डवर उंचवट्यासारखं हवं, खोदलेलं नको. हे ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत लिहा. दोन, स्पायरलच्या दोन वेढ्यांमधून टूल फिरणार आहे, म्हणून तिथलं अंतर टूलच्या व्यासापेक्षा जास्त ठेवा. तीन, उंचवट्याच्या माथ्यावर टूलचे ओरखडे नकोत. आणखी एक तिढा: दोन आउटलेट जिथे फुटतात तिथलं टोक ड्रॉइंगमध्ये सुईसारखं असलं तरी टूलच्या त्रिज्येइतकं बोथट येणारच. ते जिथे येईल ते धरूनच आउटलेटची रुंदी ठरवा.

मोल्डचं थ्रीडी प्रिंटिंग? रेझिनचे बरेच प्रकार पीडीएमएस घट्ट होऊ देत नाहीत. चॅनलला चिकट, ओलसर थर राहतो. प्रिंट नीट धुऊन, यूव्हीखाली पूर्ण पिकवून आणि गरम करून काही रेझिन चालतात, पण पहिल्या चिपला हा व्याप नको.

६. पीडीएमएस ओतणं आणि काचेला चिकटवणं

लागणारं सामान: सिलगार्ड १८४ किट (पीडीएमएसचे बेस आणि क्युअरिंग एजंट हे दोन भाग), पाव ग्रॅम अचूक दाखवणारा काटा, डेसिकेटर (हवाबंद भांडं) आणि व्हॅक्यूम पंप, ६५-८० अंशांचा ओव्हन, धारदार पंच, काचेच्या स्लाइड, आयपीए, सेलोटेप, प्लाझ्मा क्लीनर (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणारं यंत्र), नायट्राइल हातमोजे.

हातमोजे नायट्राइलचेच. लॅटेक्समधलं गंधक पीडीएमएसमधल्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला मारतं आणि पदार्थ घट्टच होत नाही.

बेस आणि क्युअरिंग एजंट वजनाने १० ला १. दहा सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ५ मिलिमीटर जाडीसाठी ४० ग्रॅमला ४ ग्रॅम पुरतं. हात दुखेपर्यंत ढवळा. मिश्रण फेसाळून पांढरट झालं पाहिजे. मग डेसिकेटरमध्ये बुडबुडे काढा. व्हॅक्यूम लावल्यावर फेस कपाच्या तोंडापर्यंत चढतो, म्हणून कप एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, आणि फेस चढायला लागला की थोडी हवा आत सोडा. मोल्डवर ओतून, पुन्हा थोडा व्हॅक्यूम देऊन, ७० अंशांवर दोन तास. घाई नसेल तर रात्रभर. मोल्ड सिलिकॉन वेफरचा असेल तर आधी सिलेन या चिकटू न देणाऱ्या रसायनाची वाफ द्यायला विसरू नका, नाहीतर सोलताना एसयू-८ चिपबरोबर उखडून येतो.

भोकं चॅनलच्या बाजूने बाहेर पाडा. पंच नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान हवा. पंच आत घातल्यावर मधला गाभा बाहेर निघाला का ते बघा. तो आतच राहिला तर पुढे चॅनलमध्ये जाऊन बसतो, आणि बाँडिंग झाल्यावर तो काढायचा काही मार्ग नाही. बोथट पंचाने भोकाच्या कडेला बारीक चिरा पडतात. गळती तिथूनच सुरू होते.

पीडीएमएसवरची धूळ सेलोटेपने काढा, काच आयपीएने पुसून वाळवा, दोन्ही प्लाझ्मामध्ये ३० ते ६० सेकंद. जास्त वेळ म्हणजे जास्त पक्कं, असं इथे नाही. अति झालं की पृष्ठभाग खराब होऊन उलट सुटतो. बाहेर काढल्यावर मिनिटाभरात टेकवा. टेकवल्यावर चिकटण्याची कड पुढे सरकताना डोळ्यांना दिसते, बोटाने दाबून चॅनल बसवू नका. मग ८० अंशांवर अर्धा तास. कोपरा नखाने उचलून बघा: पीडीएमएस फाटला तर बाँडिंग उत्तम, सोलून आला तर पुन्हा पहिल्यापासून.

७. नळ्या, बुडबुडे आणि पंप

दोन्ही आउटलेटच्या नळ्या एकाच रिळातल्या, मिलिमीटर मोजून सारख्या लांबीच्या, आणि त्यांची टोकं एकाच उंचीवर. प्रवाह कुठे किती जाईल ते नळ्यांच्या अडथळ्यावरही अवलंबून असतं. एक नळी लांब राहिली तर रेषेतल्या पेशी भलत्याच आउटलेटला जातात आणि तुम्ही डिझाइनमध्ये चूक शोधत बसता. पाणी सोडून दोन्ही आउटलेटचं वजन करा. प्रमाण अपेक्षेप्रमाणे आलं की मगच पुढे.

चिप भरताना आधी ७० टक्के इथेनॉल सोडा. त्याचा पृष्ठताण कमी असल्याने बुडबुडे निघून जातात. मग पीबीएस (पेशींना मानवणारं मिठाचं बफर) भरपूर, आणि नंतर १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालून अर्धा तास ठेवा म्हणजे पेशी भिंतीला चिकटत नाहीत. मधलं पीबीएस वगळलंत तर इथेनॉलमुळे बीएसएच्या गुठळ्या होतात. नळी लावताना भोकावर द्रवाचा एक थेंब फुगवून ठेवा आणि नळीच्या टोकाशीही थेंब लोंबू द्या. थेंबाला थेंब टेकला की हवा आत जात नाही.

सिरिंज पंप सुरू केल्यावर प्रवाह लगेच स्थिर होत नाही, कारण नळ्या आणि पीडीएमएस दोन्ही फुगतात. मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या. तोवरचं सगळं टाकाऊ बाटलीत.

८. आधी मणी, मग पेशी

पॉलिस्टायरिनचे फ्लुरोसंट मणी घ्या: १५ मायक्रॉनचे एका रंगात, ६ मायक्रॉनचे दुसऱ्या. हायस्पीड कॅमेरा नसला तरी अडत नाही. या वेगाला एक मिलिसेकंदात मणी ३०० मायक्रॉन पुढे गेलेला असतो, त्यामुळे एक्स्पोजर वाढवलं की मोठ्या मण्यांची एक तेजस्वी रेघ आतल्या भिंतीजवळ दिसते आणि लहान मण्यांचा पसरट पट्टा. प्रवाह मिनिटाला ०.५ मिलिलिटरपासून सुरू करून हळूहळू वाढवा. रेघ बारीक होत जाते, आणि एका टप्प्यानंतर ती आतल्या भिंतीपासून दूर सरकायला लागते. त्या टप्प्याच्या थोडं अलीकडे तुमचा प्रवाह.

पेशी मण्यांइतक्या शहाण्या नसतात. त्या दबतात, लांबट होतात, एकमेकींना चिकटतात. त्यामुळे:

- चिपमध्ये सोडण्याआधी ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळाच. चिप तुंबण्याचं पहिलं कारण न गाळलेलं सॅम्पल.
- पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित घ्या, त्यात २ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन, त्यामुळे पेशी एकमेकींना चिकटत नाहीत).
- सुरुवातीला मिलिलिटरला १० लाखांच्या आतच पेशी ठेवा. गर्दी झाली की पेशी एकमेकींवर आदळून रेषेबाहेर जातात.
- १५ मायक्रॉनची पेशी पीबीएसमध्ये दहा मिनिटांत साधारण साडेतीन मिलिमीटर खाली बसते. आडव्या ठेवलेल्या सिरिंजमध्ये वीस मिनिटांनी निम्म्याहून जास्त पेशी तळाच्या भिंतीवर असतात. लहान बॅच करा, सिरिंज अधूनमधून फिरवा, किंवा ऑप्टिप्रेप हे जड द्रावण घालून द्रवाची घनता पेशींच्या जवळ आणा. घनतेबरोबर चिकटपणाही थोडा बदलतो, तेव्हा प्रवाह पुन्हा तपासून घ्या.

रुग्णाच्या सॅम्पलकडे वळण्याआधी निरोगी रक्तात मोजून हजारभर रंगवलेल्या एमसीएफ-७ मिसळून बघा. किती घातल्या ते माहीत असल्याशिवाय किती परत आल्या याला अर्थ नाही.

९. मोजणी तीन बाटल्यांची

आत टाकलेलं सॅम्पल, आतलं आउटलेट, बाहेरचं आउटलेट: तिन्ही मोजायचे. फक्त हवं ते आउटलेट मोजून "९० टक्के पेशी इथे आल्या" असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्यात सिरिंजमध्ये राहिलेल्या पेशींचा पत्ताच नसतो. दोन्ही आउटलेटची बेरीज आत टाकलेल्या आकड्याच्या जवळ आली पाहिजे. बरीच कमी आली तर पेशी सिरिंजमध्ये, नळीत किंवा भोकाच्या कोपऱ्यात आहेत. मायक्रोस्कोप तिथे न्या.

न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची रेघांची काच) लाखांतल्या पेशींसाठी ठीक. हजारभर पेशी दोन-पाच मिलिलिटरमध्ये पसरल्या असतील तर चेंबरमध्ये एखादीच दिसेल आणि तो आकडा कामाचा नाही. त्या वेळी सगळा द्रव वेलप्लेटमध्ये (खळग्यांच्या ताटलीत) ओतून फ्लुरोसंट पेशी एकेक मोजा. कंटाळवाणं आहे, पण खरं आहे.

जिवंतपणासाठी ट्रायपॅन ब्लू, हा रंग मेलेल्या पेशींतच शिरतो. सोबत एक तुलनेची ट्यूब हवी: त्याच पेशी, चिपमधून न नेता, तेवढाच वेळ टेबलावर ठेवलेल्या. दीड सेकंदाच्या प्रवासात पेशी सहसा मरत नाहीत. बारीक सुईतून जोरात ओढणं, सेंट्रिफ्यूजचा जास्त वेग आणि तासभर बफरमध्ये ताटकळणं यांत त्या जास्त जातात, आणि तुलनेच्या ट्यूबशिवाय दोष चिपवर येतो.

१०. आवरताना

पीबीएस आत सुकलं की मिठाचे स्फटिक चॅनल बंद करतात. मण्यांच्या चाचण्यांची चिप पुन्हा वापरायची असेल तर शेवटी शुद्ध पाणी, मग इथेनॉल, मग हवा. रक्त गेलेली चिप मात्र पुन्हा वापरू नका. मोल्ड आहे, दुसरी ओता. आउटलेटचा द्रव संस्थेने सांगितलेल्या जंतुनाशकात ठरलेला वेळ ठेवूनच टाकायचा. बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे नळ्या आणि सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. चिप काचेला चिकटलेली असल्याने ती कशात टाकायची यावर प्रत्येक लॅबमध्ये एकदा वाद होतो. आपल्या बायोसेफ्टी अधिकाऱ्याला आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.